वरचं खाचर पड राहिलं

आमच्या गावात मोबाइलला रेंज मिळते ती एकाच जागी, देवळामागच्या टेकडीवर, सपाट खडकापाशी. बेळगावची नोकरी सोडून मी जोयड्याकडच्या या गावात परत आलो, तेव्हापासून रोज एकदा त्या खडकावर जाऊन बिटकॉइनचा भाव बघतो. घरात त्यावरून मला कुणी कधी बोललं नाही. थोरल्या भावाला मी अण्णा म्हणतो. तो फक्त विचारायचा, "काय म्हणतंय तुझं नाणं? वर हाय का खाली?" मी सांगितलं की "बरं" म्हणायचा आणि कामाला लागायचा.

या पैशाची ओढ मला लागली त्याचं कारण बँक. लहानपणी वडिलांबरोबर जोयड्याला बँकेत जायचो. वडील काउंटरसमोर चपला काढून उभे राहायचे. चपला काढा असं कुणी सांगितलेलं नव्हतं. कधी साहेब जेवायला गेलेले असायचे, कधी वीज गेलेली असायची. मग आम्ही बाहेर बाकावर बसून शेवटच्या बसची वाट बघायचो. पुढं बेळगावात एका सहकाऱ्यानं मला समजावलं की साहेबच नसलेला पैसाही असतो, तेव्हा मला पहिल्यांदा वडिलांच्या त्या चपला आठवल्या. वडील तोवर गेले होते.

मागं एकदा भाव चढला तेव्हा थोडी नाणी विकून मी जुना पॉवर टिलर घेतला. घरात किती आनंद झाला ते काय सांगू! वहिनीनं त्याला हळदकुंकू लावलं. अण्णानं दोन्ही बैल विकले. ते म्हातारे झाले होते आणि जंगलात चारायला न्यायला माणूस मिळत नव्हतं. रिकाम्या गोठ्यात वहिनीनं सरपण रचलं.

नंतरच्या भातलावणीत, चिखल करता करता टिलर खाचरातच थांबला. आतून दात मोडल्यासारखा आवाज आला आणि मग काहीच नाही. चिखलाच्या पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग पसरत गेला. अण्णा बराच वेळ मशीनच्या भोवती फिरत राहिला. लाकडी नांगर मोडला असता तर तो परड्यात बसून तासला असता, पाचर मारली असती. इथं त्याच्या हाताला धरण्यासारखं काही नव्हतं. माझ्याही नव्हतं.

मोडका गिअर पोत्यात घालून आम्ही दोघं बसनं रामनगरला गेलो. मेस्त्रीनं तो हातात उलटसुलट करून बघितला.

"बेळगावास्नं मागवायला लागतंय. पैसे आधी द्या, मग फोन लावतो."

"चार दिवसांत देतो की," अण्णा म्हणाला.

"असं म्हणून लोक जातात ते परत येत न्हाईत, अण्णा. पार्ट माझ्या गळ्यात पडतो."

मी म्हटलं, "थांबा, आत्ता पाठवतो." रामनगरला रेंज चांगली होती. दुकानाच्या पायरीवर बसून मी माझ्या वॉलेटातली नाणी विक्रीच्या ॲपवर पाठवली. थोड्या वेळात ती पोचली, विकलीही गेली. अण्णा माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याला मी दाखवत होतो, हे बघ, इथून निघाले, तिथं पोचले. मग रुपये माझ्या बँकेत यायला हवे होते. ते आले नाहीत. पडद्यावर ओळ आली, 'आपल्या खात्याची पडताळणी सुरू आहे.'

"म्हणजे काय?" अण्णानं विचारलं.

"तपासतायत."

"कोण?"

साहेब नसलेल्या पैशालाही शेवटच्या दारात कुणीतरी बसलेलं होतंच, आणि त्याच्यासमोर जाऊन उभंही राहता येत नव्हतं.

त्यानंतर सकाळ-दुपार मी खडकावर. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात फोन, पडद्यावर थेंब. ॲपच्या चौकशीत लिहिलं की लगेच उत्तर यायचं, "आपल्या संयमाबद्दल आभार." उत्तर देणारं माणूस नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी मी लिहीत होतो : लावणी खोळंबलीय, रोपं वाढत चाललीत. खाली दिसायचं आमचं रान, मध्ये उभा टिलर, आणि कडेला भाताच्या रोपांचा हिरवागार तरवा, लावण्याजोगा होऊन पुढं चाललेला.

अण्णा वस्तीवर बैल मागायला गेला. सगळ्यांचीच लावणी चाललेली, कोण देणार? शेवटी आमच्या चुलत्यांनी आपलं काम संपल्यावर संध्याकाळी जोडी दिली. "दमलीत रे ती. जरा बघून हाक," एवढंच ते म्हणाले.

खालची खाचरं तशीच दोन-तीन संध्याकाळी करून झाली. वरच्या खाचरात डावा बैल चिखलात बसला. अण्णानं शेपटी धरली, चुचकारलं, पाठीवर थाप मारली. बैल मान खाली घालून बसून राहिला, त्याच्या नाकातून वाफ येत होती. मी काठी उचलली तर अण्णा ओरडला, "न्हाई! ठेव ती." आणि जू सोडलं. बैल उठेपर्यंत तो तिथंच गुडघाभर चिखलात त्याच्या मानेवर हात ठेवून उभा होता. मी बांधावर. फोन खिशात होता आणि मला तो उगाच जड लागत होता.

"कुदळीनं करूया," वहिनी म्हणाली. आम्ही तिघांनी कुदळी घेतल्या. कोपराही पुरा झाला नाही, तोवर तरव्याला गाठी धरल्या, तो आता लावून उपयोग नव्हता. उरलेली रोपं वहिनीनं उपटून म्हशीपुढं टाकली. तिच्या तोंडावर राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

पैसे आले, पण खालचं भात पोटरीला येऊन लोंब्या फुटायच्या बेतात असताना. मी खडकावरून धावत खाली आलो. अण्णा अंगणात दोरी वळत होता.

"आले, अण्णा."

"आले व्हय? बरं झालं." दोरीला पीळ देत म्हणाला, "मेस्त्रीला सांगून टाक. पुढच्या सालाला लागंल."

गिअर बसला. टिलर आता चालतो. काही नाणी अजून माझ्याकडं आहेत, आणि बँकेच्या दारात चपला काढायला लागू नयेत असं मला अजूनही वाटतं. पण कुणी गावात विचारलं, की तुझ्या त्या पैशाचं कसं असतंय, तर पूर्वीसारखं मला बोलता येत नाही.

वरच्या खाचरात त्या साली गवत माजलं. पहाटे गवे उतरून ते खाऊन जायचे. अण्णा दारात उभा राहून बघायचा, त्यांना हाकलायचा नाही.