चिकटकाकूंच्या चकत्या

व्हॉल्व्हच्या कारखान्यात काकूंना सगळे चिकटकाकू म्हणत, आणि काकूंना त्याचा रागही नव्हता. एकदा हातात घेतलेलं काम तडीस नेल्याशिवाय सोडायचं नाही, हा त्यांचा स्वभावच. काम तरी काय, धातूच्या दोन चकत्या घासून इतक्या सपाट करायच्या, की एकमेकींवर ठेवल्यावर मधून वारासुद्धा जाता कामा नये. पास करायची रीतही काकूंनीच पाडलेली. चकत्या एकमेकींवर दाबायच्या आणि फक्त वरची उचलायची. खालची तिला लटकून वर आली तर पास, पडली तर पुन्हा घासायची. या कामात काकूंचा हात धरणारं कोणी नव्हतं.

घरी मात्र गाडं अडलं होतं. यजमान जन्मभर न्हावी. दुकानात त्यांच्या कात्रीपेक्षा जीभ जास्त चालायची. आता फुप्फुसं थकली होती आणि हवेतून प्राणवायू काढून देणाऱ्या यंत्रावर त्यांची भिस्त होती. तेच यंत्र बिघडलं. आत एका चकतीवर दुसरी फिरते, ती जोडी झिजली होती. यंत्र परदेशी, चकत्याही परदेशी. दुरुस्तीवाला दर खेपेला एकच सांगे, "मागवल्यात काकू, येतील." तोवर सिलिंडर, तोही पुरवून वापरायचा. त्यामुळे एवढा गप्पिष्ट माणूस दोन शब्द बोलून डोळे मिटू लागला. काकूंना ते बघवत नसे.

"जन्म गेला माझा चकत्या घासण्यात," असं म्हणून त्यांनी जेवणाच्या सुट्टीत एक जोडी घासली. अशी झकास लटकली, की कारखाना बघत राहिला. दुरुस्तीवाल्याने ती यंत्रात बसवली. मोटर कण्हली आणि बंद पडली.

"इथे नाही जमायचं हे, काकू," तो म्हणाला. काकूंच्या ते फार मनाला लागलं.

दुसरी जोडी घासायला घेणार, तेवढ्यात मालकांना रॉकेटच्या व्हॉल्व्हचं काम मिळालं. मालक हवेत तरंगू लागले. "आता दुसरं काही नको, काकू. देशाचं काम आहे."

त्या रॉकेटचे भाग तपासणाऱ्यांत काकूंची लेकच होती. त्या संध्याकाळी जेवताना मायलेकींची जुंपली.

"इथे श्वासाला चकती मिळत नाही, आणि निघालेत आकाशात," काकू म्हणाल्या. "आधी घरचं बघावं माणसानं."

"वर जायला जे शिकतो ते खालीच उपयोगी पडतं, आई."

"कधी पडतं? मला दाखव तरी."

खाटेवरून यजमानांनी हात वर केला. "माझ्या नाकावर..." ते थांबले. "देशाचं धोरण... ठरवू नका." तिघंही हसली.

रॉकेटच्या चकत्या काकूंनी जीव ओतून घासल्या. आणि लेक त्याच परत घेऊन आली.

"नापास, आई. मीच केल्या."

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. "लटकल्या नाहीत का?"

"लटकल्या, तेच तर झालं. या फिरायला हव्यात, आणि तिथे हवा नसते. एवढ्या गुळगुळीत चकत्या इथेही एकमेकींना धरून बसतात, तिथे तर विचारूच नको. किती ओढल्या तरी सुटेनात. सपाट ठेव, पण अंगावर बारीक रेघा राहू देत."

आयुष्यभर ज्या रेघा पुसल्या, त्याच आता आपल्या हाताने पाडायच्या. काकू रुसल्या. मग एकदम उठल्या आणि यंत्रातली आपली जोडी मागवून घेतली. दोन्ही चकत्या घट्ट चिकटलेल्या. इतके दिवस आपण मोटरला शिव्या घातल्या, आणि फिरायला जागा आपणच ठेवली नव्हती, हे त्यांना तेव्हा कळलं. स्वतःचा राग आला, पण रागावत बसायला वेळ नव्हता.

कंबर कसून त्यांनी दोन जोड्या केल्या, एक रॉकेटची आणि एक घरची. रॉकेटची पास झाली. घरची दुरुस्तीवाल्याने बसवली, दिवसभर चालवून तपासली आणि मान डोलावली. दुसऱ्या दिवशी काकूंनी मालकांना सांगितलं, "सकाळी रॉकेट. दुपारनंतर श्वासाच्या चकत्या."

"काकू, दोन दगडांवर पाय ठेवून कसं चालेल? त्या बाहेरून मिळतात की."

"मिळतात कुठे? नुसती वाट बघायला मिळते. जमत नसेल तर रॉकेटला दुसरी चिकट बाई शोधा."

संध्याकाळी मालक समजूत काढायला घरी आले. यंत्र संथ चालू होतं. मालक बसतात न बसतात तोच खाटेवरून आवाज आला. "या, म्हणजे आता माझ्या बायकोला रॉकेटात बसवायला आलात की काय, आणि डोक्याची ही काय दशा करून घेतलीत, माझ्या दुकानात यायचात तेव्हा केस होते, आता नुसत्या गप्पाच कापायच्या का?"

एवढं सगळं एका दमात. मधे थांबणं नाही, डोळे मिटणं नाही. लेक दाराशी उभी राहून रडत होती. काकूंनीही डोळे लपवले नाहीत.

मालकांनी डोक्यावरून हात फिरवला.

"अशा किती जोड्या लागतील, काकू?"

"जितकी माणसं गप्प पडलीत तितक्या," काकू म्हणाल्या.