जाधवांचा सत्यापन फॉर्म

बिर्लानगरमधल्या माझ्या घराचे भाडेकरू विठ्ठलराव जाधव गेल्या जानेवारीत, एका सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास वारले. तीन दिवसांनी, गुरुवारी दुपारी, पोलिस ठाण्याच्या फाइलमध्ये त्यांच्या नावाचा सत्यापन फॉर्म सापडला. अक्षर माझं, सही माझी. तो फॉर्म मी भरलेला नाही.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. ग्वाल्हेरच्या एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर मी एकतीस वर्षं काढली. भुताखेतांच्या बातम्या टेबलावर यायच्या, मी त्या टोपलीत टाकायचो. इथेही जे स्वतः तपासलं तेवढंच लिहितो आहे.

आम्ही राहतो ग्वाल्हेरच्याच लश्कर भागात. निवृत्तीच्या पैशात बँकेचं कर्ज घालून बिर्लानगरात तीन खोल्यांचं एक घर घेतलं आणि तिन्ही खोल्या भाड्याने दिल्या. भाड्यातून हप्ता जातो. भाडेकरू ठेवला की त्याची माहिती सत्यापन फॉर्मवर भरून ठाण्यात द्यावी लागते – फोटो, मूळ गाव, जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि नंबर. दिली नाही तर घरमालकावर केस होऊ शकते. खालच्या दोन खोल्यांत मुरैनाचा एक गार्ड आणि भिंडची एक नर्स आहे. दोघांचे फॉर्म मी पहिल्याच आठवड्यात देऊन आलो.

जाधवांचा दिला नाही. ते सप्टेंबरात खोलीची चौकशी करायला आमच्या घरी आले तेव्हा दारातूनच मराठीत बोलले. पूर्वज शिंद्यांच्या फौजेतून आलेले, स्वतः बिर्लानगरची कापड मिल बंद होईपर्यंत तिथे कामाला. वय सत्तरीच्या आसपास, एकटे. बायकोने चहा ठेवला. मी कागदांचा विषय काढला तर म्हणाले, "साहेब, मी कुठे भागून जाणारे? किराया एक तारखेला पोचेल." आणि तो पोचायचा. आपलाच माणूस, त्याला काय ठाण्यात नेऊन उभं करायचं, असं मला वाटलं. त्यांनी दिलेले दोन फोटो आणि कोरा फॉर्म माझ्या कपाटाच्या खणात राहिला.

त्या सोमवारी चहाच्या ठेल्यावर ते कोसळले. गार्डने त्यांना रिक्षात घालून इस्पितळात नेलं, पण डॉक्टरांनी तपासून मृत घोषित केलं. मोबाइल ते वापरत नसत. ट्रंकेत आधार कार्ड मिळालं, त्यावर मिलच्या जुन्या क्वार्टरचा पत्ता होता. ते क्वार्टर पाडलेलं आहे. मी आणि गार्ड दोन दिवस त्या भागात विचारत फिरलो. जाधव माहीत असलेले दोघं-तिघं भेटले, त्यांचं कोणी नातेवाईक माहीत असलेलं एकही नाही.

ठाण्यातून निरोप आला : शुक्रवारी सकाळपर्यंत वारस मिळाला नाही तर बेवारस म्हणून अंत्यसंस्कार होतील, नावाच्या जागी नंबर लागेल. घरमालकाच्या ताब्यात देह देता येत नाही. बायको त्या दिवशी जेवली नाही. ती एवढंच म्हणाली, "अहो, गार्डच्या भावाचं नाव तुम्हाला पाठ आहे. नर्सच्या आईचा नंबर तुमच्याकडे आहे. आणि आपल्या माणसाचं काही म्हणता काही नाही."

गुरुवारी मी ठाण्यात गेलो आणि फॉर्म दिला नव्हता हे कबूल केलं. केस झाली तर होऊ दे, असं ठरवूनच गेलो होतो. ठाण्याचं लिखापढीचं काम बघणाऱ्या मुंशीजींनी फाइल काढली, चार पानं उलटली आणि माझ्याकडे बघितलं.

"फॉर्म तो जमा है आपका, सर. काहे परेशान हो रहे हैं?"

फॉर्मवर जाधवांचा फोटो चिकटवलेला होता. सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ, ही माझी डेस्कवरची सवय. ठाण्याचा शिक्का ऑक्टोबरचा. आवक रजिस्टरात त्याच दिवशीची नोंद होती, वरखालच्या दोन नोंदींच्या मध्ये. कोण देऊन गेलं ते कोणालाच आठवत नव्हतं. नातेवाइकाच्या रकान्यात लिहिलं होतं : सुमन, बहीण, शिवपुरी. पुढे मोबाइल नंबर.

त्यांना बहीण आहे हे मला माहीत नव्हतं.

नंबर मुंशीजींच्या टेबलावरूनच लावला. पलीकडे मराठीत बोलणारी वयस्कर बाई होती. मी सांगितलं. ती म्हणाली, "बावीस वर्षं झाली बोललो नाही आम्ही. घराच्या वाटणीवरून..." आणि मग, "पोलिसांना थांबायला सांगा. मी निघते."

संध्याकाळच्या बसने ती मुलासोबत आली. शुक्रवारी सकाळी दहाच्या आधी ठाण्याने देह तिच्या ताब्यात दिला. अग्नी भाच्याने दिला. स्मशानाच्या पावतीवर नंबर नव्हे, त्यांचं नाव होतं.

घरी येऊन मी खण उघडला. कोरा फॉर्म कोराच होता, दोन्ही फोटो पाकिटात होते. बायकोचं म्हणणं, मीच कधीतरी भरून दिला असेन आणि विसरलो असेन. जाधवांनी बोलता बोलता बहिणीचं सांगितलं असेल. या वयात होतं असं. महिनाभर मीही तेच धरून चाललो. दुसरं धरायला काही नव्हतं.

फेब्रुवारीत सुमनताई आणि त्यांचा मुलगा खोली रिकामी करायला आले. ट्रंक, स्टोव्ह, दोन घोंगड्या. जाताना सुमनताईंनी विचारलं की त्यांचा नंबर मला कुठून मिळाला. मी फॉर्मचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. मुलाने तो दोनदा वाचला, मग पाकिटातून दुकानाची पावती काढून माझ्यासमोर धरली. आईचा जुना नंबर बंद पडल्यामुळे त्याने हे सिमकार्ड शिवपुरीत नवीन घेतलं होतं. पावतीवर नंबर तोच आहे. तारीख जाधव वारले त्या सोमवारची आहे, वेळ दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.