बुडबुडे थांबले तेव्हा

कुठेही यीस्टचा आंबूस वास आला की मला अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधलं आमचं भाड्याचं स्वयंपाकघर आठवतं. त्या हिवाळ्यात हीटिंग सारखं बंद पडायचं, घरमालक फोन उचलायचा नाही, आणि मी भाडेकरू संघटनेची पत्रकं वाटून आले की कोट अंगावर ठेवूनच खुर्चीत कोसळायचे. माझ्या नागपूरच्या रूममेटची नोकरी गेली होती, व्हिसा संपत आला होता. शनिवारी ती कायमची परत निघणार होती आणि त्याआधी तिला स्वतः केलेली पहिली बिअर स्वतःच्या हाताने बाटल्यांत भरायची होती. गुरुवारी बिअर आंबत ठेवलेल्या बादलीतले बुडबुडे थांबले. “झाली, भरून टाक,” मी म्हटलं. “थांब गं, पुढारीण,” म्हणत तिने नळीत थोडी बिअर काढून त्यात तरंगता मापक सोडला. “साखरेचा आकडा अजून वर आहे. तो खाली येऊन दोन-तीन दिवस जागचा हलला नाही, तरच झाली. आत्ता भरली तर आत वायू साठून बाटल्या फुटतील. थंडीने यीस्ट झोपलंय नुसतं.” मी घरमालकाला शिव्या दिल्या. तिने थंडीत इडलीचं पीठ गुंडाळतात तशी बादली आपल्या रजईत गुंडाळली. सकाळी बुडबुडे पुन्हा सुरू झाले, आणि शनिवारपर्यंत हे होणार नाही हे दोघींनाही कळलं. तिने नळीतला घोट घेतला. “गोड आहे अजून. तूच भर आता,” म्हणाली आणि बॅग भरायला गेली. पुढे आकडा थांबल्यावर मी एकटीनेच बाटल्या भरल्या. कामाला बोलवायचं आणि काम संपलं की हाकलायचं, या व्यवस्थेविरुद्ध मी आजही पत्रकं लिहिते. बिअर मात्र पुन्हा कधी घरी केली नाही.