मॉनिटरशेजारचा टोमॅटो

२००३च्या लग्नसराईत नारायणगावच्या एका स्टुडिओत छापलेल्या अल्बममध्ये नवरी हिरवी निघाली.

स्टुडिओवाला रोज अगरबत्ती लावून झाली की मॉनिटरशेजारचा टोमॅटो आणि पडद्यावरचा त्याचाच फोटो सारखे लाल दिसेपर्यंत मॉनिटरची बटणं दाबी. फोटो टोमॅटो आणला त्या दिवशीचा होता. टोमॅटो पिकत होता. पडदा लालभडक होत गेला, म्हणून तो नवरीतला लाल कमी करत गेला.

मी पेपरसाठी बातमीचे फोटो न्यायला गेलो, तेव्हा नवरीचे वडील आले.

"भाऊ, आमी हळद लावली व्हती, पालक न्हाई. उद्या व्याही अल्बम बघायला येणार."

"माझ्या पडद्यावर तर लई झ्याक दिसतीय, राव."

वडिलांनी टोमॅटो दाबला. बोट आत गेलं.

संध्याकाळपर्यंत अल्बम पुन्हा छापून झाला. माझ्या पुढच्या खेपेला मॉनिटरशेजारी प्लास्टिकचा टोमॅटो होता.