थोरलीच्या टाळ्या

मोठं जहाज खोल पाण्यात थांबायचं, लाँच भरभरून प्रवासी धक्क्यावर उतरायचे आणि निळी पाटी उंच धरून थोरली त्यांना रान आणि गुहा दाखवायला न्यायची. बेटावर तिच्याइतकी जुनी गाईड दुसरी नव्हती. मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि नवी जाऊही तिच्या मागे फिरता फिरता गाईड झाली. तिला ऑफिसातून लाल पाटी मिळाली.

शिकवलं थोरलीनंच. पण धाकटीच्या जिभेवर साखर. ती माकडांची नक्कल करायची, अंधारात म्हाताऱ्यांचा हात धरून गप्पा मारायची. गुहेत चुनखडीचे खांब थेंबाथेंबानं कसे वाढतात ते थोरली सांगत असायची, तोच पलीकडच्या दालनातून हशा उसळायचा.

"तिकडे काही विशेष आहे का?" एका प्रवाशानं विचारलंच.

"वटवाघळांची शी आहे," थोरली म्हणाली.

घरीही तेच. नवरा म्हणायचा, "जरा हसून बोलावं माणसानं. धाकटीकडून शीक की!" त्या दिवशी पातेल्यांचा आवाज शेजारपाजारी गेला.

एकदा लाँचमधून उतरलेली एक बाई निळी पाटी बघून हिरमुसली. "आम्हाला ती हसरी हवी होती. मैत्रिणीनं सांगून पाठवलंय."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या दिवशी तिचा गट पुढे होता. रानातल्या उंच झाडावर मोठ्या चोचीचा धनेश आला होता. मादीनं ढोलीत स्वतःला लिंपून घेतलेलं. बारीक फटीतून नर तिला फळ भरवत होता. प्रवाशांनी मन भरून पाहिलं आणि ते पुढे निघाले. थोरली मागे रेंगाळली. वळणावर लाल पाटी दिसली, तशा तिनं हात उंचावून जोरजोरात टाळ्या वाजवल्या. नर फडफडत उडाला.

धाकटीच्या लोकांना नुसतं झाड दिसलं. थोरलीचं काळीज थंड झालं.

पण परतताना पाहिलं, तर नर आलेला नव्हता. दुपार कलली, जहाज भोंगा देऊन निघून गेलं, तरी नाही. आतली मादी आणि पिल्लं त्याच्याच चोचीवर जगणारी. झाडापासून लांब एका दगडावर थोरली बसून राहिली.

धाकटी शोधत आली आणि शेजारी टेकली. "येईल तो, ताई."

"तुला काय माहीत मी कुणाची वाट बघतेय?"

"टाळ्या ऐकू आल्या मला."

थोरलीनं मान वर केली नाही. "मग ऑफिसात सांगितलंस?"

"छे! घरातलं घरात."

उन्हं उतरताना नर आला आणि फटीशी वाकला. थोरलीला हायसं वाटलं, आणि लगेच जळफळाटही झाला. मनाचा मोठेपणा, तोसुद्धा हिच्याच वाट्याला यावा? चार शब्द सुनावले असते, तर भांडून मोकळं तरी होता आलं असतं.

पुढच्याच आठवड्यात तिनं ऑफिसातल्या साहेबांकडून फक्त गुहा मागून घेतली. रान धाकटीकडे गेलं.

आता सगळेच प्रवासी धाकटीबरोबर हसत-खिदळत गुहेच्या तोंडाशी येतात. "आता ताईंचं ऐका हं," म्हणून ती त्यांना सोपवते. थोरली टॉर्च वाटते, डोकी सांभाळायला सांगते. आत गेल्यावरही कुणी धाकटीचा विनोद आठवून हसत असलं, तर ती सगळे दिवे बंद करायला लावते. त्या मिट्ट काळोखात कुणाच्या तोंडून शब्द फुटत नाही. मग थोरली सावकाश बोलायला लागते.