खोडलेला ‘सहसा’

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही. स्वस्थ बसवत नाही म्हणून, असं समजा.

मी विज्ञानाबद्दल लिहितो. एकच गोष्ट तज्ज्ञांसाठी एका तऱ्हेनं, पुण्यातल्या वाचकांसाठी दुसऱ्या, गावासाठी तिसऱ्या. कुणासाठी काय गाळायचं हे मला चांगलं जमतं — लोक तसं म्हणतात, आणि मला ते ऐकायला आवडतं. खोटं कशाला बोलू?

आमच्या जुन्नर-आंबेगावात ऊस आहे तिथं बिबट्या आहे. त्याच्यावर मी एक अहवाल लिहिला आणि त्यावरूनच गावांसाठी एक पत्रक. अहवालात वाक्य होतं, ‘बिबट्या उभ्या माणसावर सहसा हल्ला करत नाही.’ पत्रकात मी ‘सहसा’ खोडला. वाक्य कसं ठसठशीत झालं. गावाला जर-तर कळत नाही, असंही मी तेव्हा म्हणालो. गावाला — म्हणजे कुणाला? माझ्याच माणसांना ना?

पण माझा गुन्हा हा नाही. म्हणजे हाही आहे — पण एवढंच असतं तर एखाद्या भाषणात मी ते कधीच कबूल केलं असतं, वर हशाही मिळवला असता. बघा, अजून टाळतोच आहे.

निरगुडसरला माझ्या चुलतवहिनी राहतात, कमलवहिनी. ते पत्रक त्यांनी गोठ्याच्या दाराला चिकटवलं होतं, भावजींनी लिहिलंय म्हणून. एका संध्याकाळी उसाच्या कडेला बिबट्यानं त्यांच्यावर झेप घेतली. लोक धावले, जीव वाचला. उजवा हात मात्र गेल्यातच जमा आहे.

दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. त्या म्हणाल्या, “उभीच व्हते मी, भावजी. गवताचा भारा बांधून झाला व्हता, ह्यांची वाट बघत व्हते. उभ्या माणसावर येत न्हाई म्हणून तुमीच लिव्हलंय ना? मग कसा आला?”

उत्तर एका शब्दाचं होतं. मला ते माहीत होतं. आणि मी काय केलं? — मी त्यांना विचारलं, “नक्की उभ्या होतात, वहिनी? भाऱ्याला हात घालताना जरा वाकला असाल. आठवून बघा.”

हे मी केलं. घाबरून केलं. समोर बाई पट्ट्यांत गुंडाळून पडलेली, आणि मी तिच्या आठवणीत माझं वाक्य घुसडत होतो. वहिनी म्हणाल्या, “वाकले आसंल बाई. ध्यानात न्हाई.”

मला हायसं वाटलं. हेही लिहायलाच हवं — हायसं वाटलं.

पुढं त्यातलं ‘आसंल’ कधी गळून पडलं ते कळलंच नाही. मीच वाकले, असं त्या येईल-जाईल त्याला सांगू लागल्या. त्यांचे यजमान, म्हणजे माझा चुलतभाऊ, चारचौघांत त्यांच्यावर डाफरला, “कागद दाराला लावून काय उपेग, वाचायला नगं?” वहिनींनी मान खाली घातली. मी तिथंच चहा पीत होतो. बोललो का? नाही. उलट पुण्यातल्या वाचकांसाठी लेख लिहिला, आणि ‘एका शेतकरी बाईनं प्रांजळपणे मान्य केलेली चूक’ म्हणून त्यांची हकिकत त्यात घातली. लेख लोकांना लई आवडला.

आता गावोगावच्या सभांना आम्ही दोघं जातो. आधी मी बोलतो, मग वहिनी. परवा बोरी बुद्रुकला त्या बायकांपुढं उभ्या राहिल्या, पदराखालचा हात बाहेर काढून दाखवला आणि म्हणाल्या, “चूक माझी व्हती, बायांनो. उभ्या माणसाला तो काय करत न्हाई. माझ्या नातीलाबी मी हेच सांगती — वैरणीला गेलीस, तो दिसला, तर नुसती उभी ऱ्हा. भिऊ नको.”

पुढं बसलेल्या पोरी मान डोलवत होत्या. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.