भावाला अंदमानला नेलं होतं

माझा धाकटा भाऊ यूपीएससीच्या तयारीसाठी दिल्लीला आला, तेव्हा आम्हाला इथे बरीच वर्षं झाली होती. मी आणि माझे यजमान, दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत, राहायला सरकारी क्वार्टर. तो आमच्याकडेच राहील असं मी धरून चालले होते. पण घरात अभ्यास होत नाही म्हणून त्याने मुनिरकात खोली घेतली. खिडकीतून हात बाहेर काढला की समोरच्या इमारतीच्या भिंतीला लागायचा. रविवारी मात्र जेवायला आमच्याकडे. आला की दाजींशी राजकारणावरून वाद, भाचीची टिंगल, आणि जाताना डब्यात उरलेली आमटी.

दोनदा तो मुलाखतीपर्यंत पोचला. पुढे प्रिलिम्ससुद्धा निघेना. शेवटच्या प्रयत्नाचा निकाल लागला त्या दिवशी त्याने फोन उचलला नाही, म्हणून मी ऑफिसातून थेट त्याच्या खोलीवर गेले. तो कॉटवर बसला होता. "ताई, चहा घेशील?" म्हणाला आणि उठून चहा केला. आलं किसून, गाळून, बशीसकट माझ्या हातात दिला. रडला असता तर मला काय करायचं ते कळलं असतं.

त्यानंतर रविवार बंद झाले. मीच जाऊ लागले. दाढी वाढलेली, दुपारी तीनलाही तो झोपलेला असायचा. गावी चल म्हटलं, नको. आमच्याकडे चल म्हटलं, बघू.

शेवटी हे म्हणाले, "आपली एलटीसीची प्रवास-सवलत शिल्लक आहे. अंदमानला जाऊ, त्यालाही नेऊ. जरा हवा बदलेल." मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "चालेल." त्या काळात तो सगळ्यालाच चालेल म्हणायचा, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

दिवाळीनंतर निघालो. दिल्लीच्या धुराने आम्हा सगळ्यांचे घसे बसले होते आणि डोळे चुरचुरत होते. पोर्ट ब्लेअरहून पुढे बोटीने बेटावर पोचलो, तर पाणी इतकं स्वच्छ की धक्क्यावरून तळ दिसत होता. माझ्या मुलीने समुद्र पहिल्यांदाच पाहिला. ती नऊ वर्षांची. "मम्मी, ये रियल है?" असं विचारत राहिली.

स्कूबा डायव्हिंगचं बुकिंग मीच केलं होतं, खास त्याच्यासाठी. लहानपणी गावच्या विहिरीत काठावरून उडी मारणारा, तळाची माती मुठीत घेऊन वर येणारा मुलगा होता तो. पाण्यात गेला की जुना माणूस परत येईल, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. ह्यांना रक्तदाबामुळे परवानगी मिळाली नाही, मुलगी लहान. म्हणून आम्ही बहीणभाऊ दोघंच सूट चढवून उथळ पाण्यात उभे राहिलो. ट्रेनर एक तरुण मुलगी होती. तिने खुणा शिकवल्या. अंगठा आणि तर्जनी जोडली की ठीक आहे. नुसता अंगठा वर केला की मला वर घेऊन चला. "आदत से अंगूठा मत दिखाना," तिने दोनदा बजावलं.

तोंडात नळी धरून मी डोकं पाण्याखाली घातलं आणि माझा श्वासच अडकला. मास्कमध्ये पाणी शिरलं, नाकाला झिणझिण्या आल्या. मी धडपडत उभी राहिले आणि सांगून टाकलं, मला नाही जमायचं. त्याला मात्र पहिल्याच खेपेला जमलं. ट्रेनरने विचारलं, "भैया, पहले कर चुके हो क्या?" तो किंचित हसला. कित्येक महिन्यांनी. ते हसू मी गाठीशी बांधून ठेवलं.

बोटीवरून तो तिच्याबरोबर खाली गेला. मी कडेला बसून पाण्यावर येणारे बुडबुडे बघत होते. ते जरा लांब गेले की मी उठून उभी राहायचे. बऱ्याच वेळाने दोघं वर आले. ट्रेनर मास्क काढता काढताच म्हणाली, "इतना शांत आदमी मैंने नहीं देखा. कोर्स कर लो भैया, यहीं काम मिल जाएगा."

झालं, दुपारच्या जेवणाला आमच्याकडे दुसरा विषयच नव्हता. हे म्हणाले, का नाही करायचा कोर्स? गुरुग्रामला स्विमिंग पूलमध्ये शिकवतात, माझ्या ऑफिसातला एकजण जातो. मुलगी मामाला चिकटली होती. खाली काय काय होतं? त्याने तिला सगळं सांगितलं. पिवळ्या मासोळ्यांचा थवा कसा अंगावरून गेला, पोवळी कशी दिसतात, शिंपला कसा मिटला. "शिंपला मतलब?" "अगं, सीपी." तो हात हलवून हलवून सांगत होता, ती डोळे मोठे करून ऐकत होती. मी ताटातला भात चिवडत देवाचे आभार मानत होते.

संध्याकाळी आम्ही बहीणभाऊ किनाऱ्यावर बसलो होतो. मी म्हटलं, "बरं वाटलं ना रे खाली?"

तो वाळूत बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "ताई, खरं सांगू? काहीच वाटलं नाही."

"काहीच म्हणजे?"

"सगळं दिसलं. एक कासव अगदी शेजारून गेलं. ती मुलगी हाताने दाखवत होती, बघ, बघ. मी बघत होतो. मनात म्हणत होतो, आता वाटेल काहीतरी, आता वाटेल. मग वर आलो."

"मग दुपारी भाचीला एवढं रंगवून सांगितलंस ते?"

"ती विचारत होती ना."

मी पायावरची वाळू झटकली. तोच पुढे म्हणाला, "भीतीसुद्धा वाटली नाही. तू पाण्यात घाबरलीस, तेव्हा मला तुझा हेवा वाटला. इतके दिवस मी समजत होतो, हे त्या खोलीमुळे आहे, परीक्षेमुळे आहे. इथे खोलीही नाही, परीक्षाही नाही. मग आता काय म्हणू?"

"थकलायस तू. वेळ जाऊ दे थोडा," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. माझं मन राखायला म्हणाला, हे मला तेव्हाच कळलं. समोर माणसं फोटो काढत होती. पाणी आमच्या पायांपर्यंत येऊन परत जात होतं, आणि मला ते सगळं कधी एकदा संपतंय असं झालं.

दिल्लीला आल्यावर ह्यांनी हट्टाने त्याला गुरुग्रामच्या पूलवर नेलं. एकदा गेला, पुढच्या आठवड्यात नाही. मी त्याला सरकारी हॉस्पिटलात मानसोपचाराच्या ओपीडीला घेऊन गेले. गोळ्या सुरू झाल्या, बदलल्या, मग त्यानेच सोडल्या. "नुसती झोप येते, ताई." दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा सुरू केल्या. ते म्हणाले, आणखी बिघडलं नाही हेही कमी नाही. मी मान हलवली.

डाइव्ह शॉपने पाण्याखालचा त्याचा व्हिडिओ पाठवला होता. तो मी आईला गावी फॉरवर्ड केला. तिने तो गल्लीतल्या सगळ्यांना दाखवला. व्हिडिओत तो दोन बोटं जोडून, ठीक आहे, असं सांगतोय आणि मागून मासे जातायत. आई अजूनही फोनवर म्हणते, "तिथे किती खुशीत होता गं. परत एकदा घेऊन जा त्याला."

आता तो एका कोचिंग क्लाससाठी नव्या मुलांच्या उत्तरपत्रिका तपासतो. शेरे फार चांगले लिहितो म्हणतात. खोली तीच आहे. परवाच्या रविवारी मी पुरणपोळ्या करून नेल्या. त्याने दार उघडलं, खुर्चीवरचे कपडे उचलून मला बसायला जागा करून दिली आणि अर्धी पोळी खाल्ली. "छान झालीय," म्हणाला. मग भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. मी भांडी घासली, खोली झाडली, आणि काही सुचेना म्हणून तशीच बसून राहिले. त्याला झोप लागली नव्हती. मी आहे तोवर ती लागणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. शेवटी मी पर्स उचलली आणि दार हळूच ओढून घेतलं.